खळीचा गंज

कुत्रा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही ताणा लावला. आठवडाभराच्या झडीनंतर दोन-तीन दिवसांची उघाड पडली होती, आणि श्रावणातली उघाड विणकराला वाया घालवता येत नाही. बाबांनी गल्लीत दोन्ही टोकांना खुंट रोवले, मी आणि माय मिळून मागावर चढवायचं उभं सूत त्यांच्यावर पसरलं. बाबांनी खळ शिजवली. खळ म्हणजे पिठाची पातळ लापशी. ती कुंच्याने सुतावर चढवायची आणि उन्हात वाळू द्यायची, म्हणजे धागा मागावर तुटत नाही. लांबलचक पांढरा ताणा गल्लीभर पसरला की पलीकडच्या टोकाला, पाराजवळ, कोणीतरी बसावं लागे. शेळ्या येत, मोकाट वासरं येत, सायकलवाले घाईत असत. एक शेळी मधून गेली तरी धागे सांधता सांधता दिवस मावळे. नऊ वर्षं त्या टोकाला आमचा कुत्रा बसत होता.

त्या सकाळी तिथे कोणाला बसवायचं हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. बाबा कुंचा फिरवत निम्म्या ताण्यापर्यंत पोचले तेव्हा शेजारच्यांची शेळी पाराकडून आत शिरली. बाबांनी मान वर केली आणि सवयीने "यू, यू" म्हणाले. मग कुंचा खाली ठेवून स्वतःच तिला हाकलायला गेले. मी उठलो आणि पारावर जाऊन बसलो. दुपारपर्यंत बसून होतो. मांडीवर पुस्तक होतं, त्याचं एकही पान उलटलं नाही. मी दुःख करत होतो असंही मला आठवत नाही. पाराचा दगड गार होता, एवढं आठवतं.

आमचं घर नागपुरात, महाल भागातून सक्करदऱ्याकडे निघालं की विणकरांच्या गल्ल्या लागत त्यांतल्या एकीत होतं. समोरच्या खोलीत माग आणि मागची खोली आमची. माग खड्ड्याचा होता. विणणारा जमिनीवर बसे आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबे. बाबा लुगडी विणत. मी त्याच वर्षी मॅट्रिक झालो होतो. राजधानी अजून नागपूरलाच होती आणि कचेऱ्यांना कारकून लागत. मी अर्ज करून ठेवले होते, आणि उत्तर येईपर्यंत वाचनालयात जाऊन बसत होतो. बाबांना अक्षरओळख नव्हती. मी वाचत असलो की ते माग थोडा हळू चालवत. त्यांनी तसं कधी सांगितलं नाही, पण धोट्याचा आवाज बदललेला मला कळे. समोरचा विणकर त्यांना चिडवायचा, "काहून गा, पोरगं पुस्तक वाचूनच लुगडं काढते का तुह्यं?" बाबा म्हणायचे, "काढन एखांद्या दिवशी."

कुत्र्याला नाव नव्हतं. गल्लीतल्या कुत्र्यांना तेव्हा नावं नसत. "यू" म्हटलं की तो येई. रंग भाजलेल्या विटेसारखा, आणि एक कान कायम पडलेला. उन्हाळ्यात मागाच्या खड्ड्यात, बाबांच्या पायांशी निजे, कारण तिथली माती गार असे. खड्ड्यात पाय सोडण्याआधी बाबा काठावर दोनदा हात आपटत, मग तो अंग चोरून पावड्यांना जागा करून देई. आणि ताण्याच्या दिवशी काम संपलं की त्याची मजुरी ठरलेली होती. खळीचा गंज, म्हणजे ती शिजवायचं पितळी पातेलं, माय अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ठेवी, आणि तो तळाची उरलेली खळ चाटूनपुसून साफ करी. इतकी साफ, की माय नुसतं पाणी फिरवून गंज पालथा घाली. "आली माही भांडेवाली," असं त्याला बघून ती म्हणे. तो कुत्रा होता की कुत्री, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. भांडी घासणारीला ती भांडेवालीच म्हणणार.

त्या वर्षी पाऊस सरतच नव्हता. सूत ओलं राही, आणि ओल्या सुतातल्या खळीला बुरशी धरे. बाबांची दोन लुगडी व्यापाऱ्याने काळे ठिपके दाखवून परत पाठवली. बाबा ती उजेडात धरून किती वेळ बघत उभे होते. मी वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात विणकामावरचा लेख शोधून काढला. खळीत थोडं मोरचूद घातलं तर बुरशी धरत नाही, असं त्यात होतं. पिठाच्या मापाला किती, तेही होतं. मी ते प्रमाण एका चिठोऱ्यावर उतरवून घेतलं आणि घरी येऊन बाबांना वाचून दाखवलं.

बाबांनी विचारलं, छापलेलं आहे का. मी हो म्हणालो. त्यांनी चिठोरा हातात घेतला, उलटसुलट केला, परत दिला आणि म्हणाले, "मंग आन बाप्पा."

त्यांनी माझं ऐकलं अशी ती पहिली वेळ होती. इतवारीच्या बाजारातून मी मोरचुदाची पुडी आणली. निळे खडे खलबत्त्यात कुटले आणि चुलीवर खळ रटरटत होती तिच्यात टाकले. समोरचा विणकर बघायला आला होता. तो म्हणाला, आता लुगड्याऐवजी याच्या पोराचं मासिकच विकायला काढा. बाबा हसले. त्या दिवशी त्यांना हसताना मी पाहिलं, हे मला अजून नीट आठवतं.

ताणा वाळला, गुंडाळून झाला, आणि मायने नेहमीसारखा गंज दगडावर ठेवला.

दिवे लागायच्या सुमाराला कुत्रा अंगणात ओकला. निळसर हिरवं पडलं होतं. माय तेव्हा विहिरीवर होती. बाबांनी बादलीभर पाणी ओतून ते मोरीकडे लोटून दिलं. ती आल्यावर कुत्रा आजारी दिसतो एवढं म्हणाले. तिने त्याला दूध पाजून पाहिलं, ताक पाजून पाहिलं. त्याने दोन्ही ओकून टाकलं. मग तो मागाच्या खड्ड्यात उतरला. सकाळी बाबांनी काठावर दोनदा हात आपटला, तेव्हा तो हलला नाही.

परत आलेल्या दोन लुगड्यांपैकी एक बाबांनी फाडलं. त्यात गुंडाळून आम्ही त्याला सक्करदऱ्याच्या तलावाकडे नेलं आणि एका बाभळीखाली पुरलं. खड्डा मी खणला. चिखल असल्याने खणायला सोपं गेलं. बाबा मायला म्हणाले, "म्हातारा झाला होता. नऊ वर्सं म्हंजे कुत्र्याले लय झाले." तिने मान हलवली. घरी येऊन आम्ही आंघोळी केल्या, जेवलो. मला भूक लागली होती आणि मी पोटभर जेवलो.

आणि दुसऱ्या दिवशी, मी वर सांगितलं तसं, ताणा लावला. खळ शिजवताना बाबांनी फडताळातून मोरचुदाची पुडी काढली आणि मला प्रमाण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी खडे आधी वाटीत गरम पाण्यात विरघळवले, फडक्याने गाळले, आणि ते निळं पाणी खळीत घातलं. असं करायला त्यांना कोणी सांगितलं होतं मला माहीत नाही. मी तरी नव्हतं सांगितलं.

तीन-चार दिवसांनी मी वाचनालयात गेलो आणि तो लेख परत काढला. प्रमाणाच्या खालीच दोन ओळी होत्या. मोरचूद वेगळ्या पाण्यात विरघळवावं, नाही तर तळाशी साचतं. आणि ते विषारी असल्याने भांडी लगेच धुवावीत. चिठोऱ्यावर मी प्रमाण उतरवलं होतं. त्याखालच्या ओळी उतरवल्या नव्हत्या. वाचल्या होत्या की नव्हत्या, हे मला त्या दिवशी आठवेना आणि आजही आठवत नाही. मासिक जागेवर ठेवून मी घरी आलो. महालातून चालत आलो, वाटेत कोण भेटलं, काय बोललो, काही लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर मला एकच गोष्ट करायची होती. घरात हे सांगायचं होतं. दोघांसमोर, एकदाच, स्पष्ट. मायला खरं कळायला हवं, असं मी स्वतःला सांगत होतो. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. पण आधी बाबांना सांगावं म्हणून, माय बाजारात गेली असताना, मी मागाजवळ जाऊन बसलो.

ते विणायला बसतच होते. काठावर दोनदा हात आपटून त्यांनी पाय खड्ड्यात सोडले. मी मासिकातल्या दोन ओळींबद्दल सांगितलं. त्यांनी दोन-तीन वेळा धोटा टाकला, मग थांबले.

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "त्याच दिवशी मालूम झालं होतं. अंगनात पडलं होतं ते का मीनं पाह्यलं नाही?"

मी म्हणालो, मग मायला सांगतो.

"काय सांगशील?"

"मोरचूद मी आणलं. मीच टाकलं."

"तू आनलं, मी टाक म्हटलं. आन गंज त्याच्यापुढं कोनं ठेवला?"

त्यांनी तुटलेला एक धागा सांधून घेतला.

"तू सांगशील तं तुह्यं मन हलकं होईन गा," बाबा म्हणाले. "तिचं काय होईन, ते सांग मले."

त्यांनी विणायला सुरुवात केली. थोड्या वेळाने, धोट्याकडेच बघत, म्हणाले, "तो म्हातारा झाला होता. बस."

मी पुस्तक घेऊन बसलो. माग हळू चालू लागला. जुळवून ठेवलेली वाक्यं मनात तशीच राहिली आणि काही दिवसांनी त्यांतले शब्दही नीटसे आठवेनासे झाले. त्या ताण्याच्या लुगड्यांना एकही ठिपका पडला नाही. व्यापाऱ्याने ती उलटून-पालटून पाहिली आणि ठेवून घेतली. समोरच्या विणकराने प्रमाण विचारलं. मी त्याला ते कागदावर लिहून दिलं, खालच्या दोन्ही ओळींसकट, आणि त्याला वाचता येत नव्हतं म्हणून दोनदा वाचून दाखवलं.

पोळा होऊन गेल्यावर आम्ही परत ताणा लावला. पारावर मी बसलो होतो. आता ते माझंच काम झालं होतं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा माय गंज दगडावर ठेवून राख आणायला आत वळली होती. गल्लीतली एक पिवळी कुत्री अंगणात आली आणि तिने गंजात तोंड घातलं. माझ्या तोंडून आवाज फुटायच्या आत माय बाहेर आली. आमच्या घरात कुत्र्यावर कधी कोणी हात उगारला नव्हता. तिने हातातलं राखेचं भांडं त्या कुत्रीवर फेकलं, धावत जाऊन गंज उचलला आणि पोटाशी धरून तिथेच दगडावर बसली. तिच्या लुगड्याला खळ लागली. कुत्री केकाटत गल्लीत गेली.

मी राख गोळा करू लागलो. माय माझ्याकडे बघत नव्हती.

"त्या दिवशी मीनंच ठेवला होता," ती म्हणाली. "त्याच्यापुढं."

आता ती नाही, बाबा नाहीत. मी कारकून झालो, निवृत्तही झालो. त्या क्षणी माझ्याजवळ सांगण्यासारखं होतं. मोरचूद मी आणलं, मी टाकलं, वाचायचं ते मी वाचलं नाही, असं म्हणता आलं असतं, आणि ते ऐकून तिचं काही हलकं झालं असतं की नाही, हे कळलं असतं. बाबांनी गप्प राहायला सांगितलं तेव्हा तिला काही माहीत नाही असं आम्ही दोघे धरून चाललो होतो. तिला माहीत होतं. तेव्हा बाबांचं सांगणं तिथेच संपलं होतं. हे मला आज दिसतं. त्या वेळी हातात राख होती आणि डोक्यात एकच वाक्य होतं.

"तो म्हातारा झाला होता, माय," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "म्हातारा झाला होता."

मग तिने माझ्या हातातली राख घेतली आणि गंज घासायला बसली. तळ लखलखेपर्यंत घासला, तीन पाण्यांनी धुतला, आणि भिंतीशी पालथा घातला.