बाईंचं नेलकटर

आमच्या कबड्डीच्या बाई नगरकडच्या, ख्रिस्ती. सामन्याआधी आम्ही नारळ फोडायचो तेव्हा त्या बाजूला मान खाली घालून उभ्या राहायच्या आणि मग आमच्याबरोबर खोबरं खायच्या. येशूचं नाव त्यांनी शाळेत कधी काढलेलं मला आठवत नाही. मात्र प्रत्येक सामन्याआधी आम्हा सगळ्या मुलींची नखं त्या स्वतः कापायच्या. कबड्डीत पंच नखं तपासतात, वाढलेली असली तर मैदानात उतरू देत नाहीत. "आम्ही घरून कापून येतो ना," म्हटलं तरी बाई ऐकायच्या नाहीत. नखं कापता कापता घरी काय चाललंय तेही काढून घ्यायच्या.

दहावीच्या वर्षी माझ्या घरचं त्यांना असंच कळलं. आप्पा बिरवाडीला एका कंपनीत कामाला. सरावामुळे मला घरी यायला अंधार पडायचा, ते त्यांना खपत नव्हतं. "या वारी जिकलात तर खेळ," ते म्हणाले होते, "नायतर बास झाला." आप्पा एकदा बोलले की बोलले.

महाड-पोलादपूरच्या शाळांची स्पर्धा होती. अंतिम सामन्यात समोर पोलादपूरकडची शाळा आली. त्यांची एक मुलगी चढाईला आली की आम्हा चौघींना आवरायची नाही. त्या दिवशी मात्र ती बहिणीच्या लग्नातून तशीच आली होती. हातावर मेंदी, आणि लग्नासाठी हौसेनं वाढवलेली, रंगवलेली नखं. पंचांनी तिला बाजूला काढलं. त्यांच्या सरांकडे नेलकटर नव्हतं, जवळ दुकान नव्हतं. ती मैदानाच्या कडेला बसून दातांनी नखं कुरतडायला लागली. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात बाईंनी पर्स उघडली.

मी त्यांचा हात धरला. "बाई, नका ना. तुम्हाला माझं माहीत आहे."

"माहीत आहे गं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्या तिच्यासमोर मातीतच बसल्या. हाताची नखं झाली, तर म्हणाल्या, "पाय बघू."

"ऱ्हाऊ द्या बाई, पायाला माती हाय," ती पाय आखडून घेत म्हणाली.

बाईंनी ओढणीनं तिचा पाय पुसला, मांडीवर घेतला आणि एकेक नख कापलं. माझा नुसता जळफळाट झाला. हाताची कापलीत ना, पायाची कशाला? अजूनही मी ते पुरतं माफ केलेलं नाही.

आम्ही हरलो. शेवटच्या चढाईत तिनं मलाच बाद केलं. दंडावर तिची बोटं लागली, पण साधा ओरखडाही उठला नाही.

"तुम्ही आमच्या आहात की त्यांच्या?" मी बाईंना तोंडावर विचारलं.

"मला जिंकायचंच होतं," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "पण तिला बाहेर बसवून नको होतं."

आपल्या मुलींवर माया कोणीही करतं. तिथून उठून पलीकडे जाऊन बसायला काय लागतं, हे मला स्वतः मुलींना शिकवायला लागल्यावर कळलं. त्या दिवशी मला फक्त आप्पा दिसत होते. शिफ्ट सुटल्यावर ते परस्पर मैदानावर आले होते आणि सामना सुरू व्हायच्या आधीपासून कंपनीच्या कपड्यांत कुंपणाशी उभे होते.

आप्पांनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं. बिरवाडी जवळ आल्यावर ते म्हणाले, "ती पोर बाईंच्या वळखीची होती काय गो?"

"नाय."

"कोणाची, कुठल्या वाडीतली, काय इचारला तिला?"

"नाय. पाय बघू म्हणाल्या, एवढंच."

आप्पांनी गाडीचा वेग कमी केला. आम्ही बौद्ध माणसं. आमच्या गावात कोणी कोणाला शिवायचं नाही, यावरून काय काय झालं, ते मी त्यांच्याच तोंडून ऐकत मोठी झाले होते.

दारात गाडी लावताना ते म्हणाले, "उद्या सरावाला जा. काळोख झाला तर मी येतो न्यायला."