रजिनामावशीच्या पाच ताटल्या

रजिनामावशीची आणि माझी पहिली भेट कोळंबीच्या कालवणातून झाली. ऑफिसातल्या मिंगेलने गावच्या सणाला भुईगावच्या घरी बोलावलं होतं. टेबलावर कडक इस्त्रीची चादर, पंख्यासारखे दुमडलेले रुमाल आणि समोर गुलाबी फुलांच्या, सोनेरी कडेच्या पोर्सिलेनच्या ताटल्या. त्या काळी मी स्वतःला जुन्या फ्रेंच ताटल्यांचा आशिया खंडातला दुसरा जाणकार समजत असे. पहिल्याचा पत्ता लागायचा होता. जाणकार माणूस आधी ताटलीच्या पाठीवरचा शिक्का बघतो. मी ताटली उलटी केली. कालवणासकट. कोळंब्यांची अख्खी पलटण माझ्या पांढऱ्या पँटीवर उतरली.

मिंगेलची आई, म्हणजेच रजिनामावशी, शांतपणे म्हणाली, "बाबा, जेवन वरच्या अंगाला हाय."

मावशीने तीस वर्षं मुंबईत एका फ्रेंच साहेबाकडे स्वयंपाक केला होता. साहेब मायदेशी परतला तेव्हा त्याच्या आजीच्या डझनातल्या पाच ताटल्या तिला मिळाल्या, उरलेल्या भंगारवाल्याने नेल्या. मावशी त्या रोज वापरायची. केळीचे घड उतरवायला आलेला गडीसुद्धा मांडीवर रुमाल घेऊन शंभर वर्षांच्या फ्रेंच ताटलीत सुके बोंबील खायचा. बघून माझ्या काळजाला तडे जायचे.

कारण हुबेहूब तशा सात ताटल्या मला चोरबाजारात मिळाल्या होत्या आणि नायगावच्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात कुलूपबंद होत्या. पाच आणि सात बारा, हे गणित मला पोखरू लागलं. दर रविवारी मी भुईगावला हजर. बदल्यात स्टीलचा छत्तीस नगांचा सेट देऊ केला, मग मिक्सर. "मिक्सरात पाहुन्याला वाढू काय?" असं विचारून ती मलाच वाढायची. सहा वर्षांत माझं वजन वाढलं, संग्रह तेवढाच राहिला.

शेवटी तिला भुलवायला नायगावला जेवायला बोलावलं. बायकोने स्टीलच्या ताटांत वाढलं. मावशी कपाटासमोरून हलेचना. तिसरी ताटली काढायला लावली आणि कडेच्या टवक्यावरून बोट फिरवलं.

"हा मी पाडला. नळाखाली. साहेब काय बोलला नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "यांना कोंडून का ठेवलंस? कोनाचं काय खाल्लं यांनी?"

बायको पदरात तोंड खुपसून हसली. मी दमट हवा आणि जुन्या वस्तूंचं जतन यावर भाषण ठोकलं. मावशीने ते सगळं ऐकून घेतलं आणि लोणचं मागितलं.

पुढच्याच वर्षी मावशी गेली. तिच्यासाठी चर्चमध्ये व्हायच्या महिन्याच्या मिस्सेआधी, म्हणजे प्रार्थनेआधी, मिंगेल घरी आला, तेव्हा सांगायला लाज वाटते, पण मी मनातल्या मनात कपाटात पाच ताटल्यांची जागा करत होतो.

तो म्हणाला, "आईने सांगून ठेवलंय, मिस्सेनंतर बारा माणसं एकदम टेबलावर बसवायची. सात ताटल्या कमी पडतायत."

माझा तिच्या पाचांवर डोळा होता, तसा म्हातारीचा माझ्या सातांवर होता. आणि तिने बदल्यात साधा चमचाही देऊ केला नव्हता.

बायकोच्या साड्यांत गुंडाळून सातही भुईगावला नेल्या. बारा माणसं जेवली. मिंगेलच्या बायकोने बाराही ताटल्या धुऊन एकावर एक रचल्या आणि तुमच्या सात काढून घ्या म्हणाली. मी म्हटलं, असू देत, पुढच्या रविवारी नेतो.

तिथे जेवून उठताना दर रविवारी मी हेच म्हणतो.