मीठ ओढणाऱ्या यंत्राच्या गावाला

माझ्या नणंदेला, जसोदाला, तापीपलीकडचं स्थळ आलं. मुलगा बरा, जमीन काळी, फक्त विहीर खारी. खाऱ्या गावात पोरगी दिली की जन्मभर तिच्या डोक्यावर हंडा. पण निरोप आला, सरकारी माणसांनी नवं यंत्र आणलंय, विजेनं पाण्यातलं मीठ ओढून काढतं. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून पाणी बघायला मी आणि आमचे हे निघालो. साठ सालानंतरचा एक चैत्र होता.

तुम्ही आता पुलावरून भुर्रकन जाल. आम्ही कोरीटहून पहाटे बैलगाडी जुंपली आणि नदीच्या वाळूत निम्मा जीव घालवला. पलीकडच्या काठाला, प्रकाशा गावच्या घाटावर भाकरी-ठेचा खाल्ला, भजी घेतली. छागल, आमची पाण्याची पिशवी, मात्र काठोकाठ भरून घेतली. आमच्यात सोयरीक ठरेपर्यंत त्या घरचं पाणी पीत नाहीत. घोट घेतला की होकार. जाणार असाल तर चैत्र टाळा.

गावाच्या अलीकडे बैल थांबले. पुढं इंजिनाची घरघर होती, बाकी काहीच नाही. कावळा नाही, कुत्रं नाही. बाभळी उभ्या होत्या, पण पाल्याविना.

यंत्र विहिरीजवळ पत्र्याखाली. धातूच्या दोन पाट्या, मधे पापडासारखे पातळ पापुद्रे शेकड्यानं दाबून बसवलेले. वास धोब्याच्या भट्टीचा. चालवणारा साहेब म्हणाला, "बाई, वीज मिठाला दोन्हीकडं ओढते. पापुद्र्यांतून मीठ पलीकडे जातं, गोडं पाणी इकडे उरतं."

मुलाची आई तांब्या घेऊन आली. "चाखी देखा ना, विहीणबाई. यंत्रनं पाणी शे, मन्हा घरनं थोडंच शे?"

चाखल्याशिवाय कळणार कसं? घेतला घोट. खारं नव्हतं. गोडही नव्हतं. मातीचा वास नाही, तांब्याचा नाही. तोंडात काहीतरी आहे एवढंच कळत होतं, जसं काळोखात कुणी शेजारी उभं असावं.

बाई हसली. "पी ल्यात ना! आते सोयरीक पक्की."

"काय वं माय, यामा तुन्हं गावच ऱ्हायनं नही, सोयरीक कोनासंगे करू?" मी म्हटलं. त्या पाण्याला गावची चवच नव्हती. हे माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले. मी साहेबाला विचारलं, "आणि काढलेलं मीठ?"

त्यानं उताराकडे जाणारी नळी दाखवली.

मी नळीच्या मागं गेले. भर दुपारी जमीन चांदण्यासारखी पांढरी. पाय टाकला की कुरकुर फुटायची. शेळ्यांच्या खुरांच्या खुणा नळीखाली साचलेल्या डबक्यापर्यंत गेलेल्या आणि सगळ्या एकाच रेषेवरून वळलेल्या. पलीकडे भिलांच्या चार झोपड्या, वाळूत खणलेला झिरा आणि काठाला बसलेली एक बाई. तिची बोली मला अर्धी कळली. यंत्र आल्यापासून झिरा असा झालाय, म्हणाली. ओंजळ पुढं केली. मी जीभ लावली. आग झाली. ती मात्र हळूहळू घडा भरत होती. दुसरं पाणी नव्हतंच.

वर येऊन साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, "प्रयोग आहे, पुढं सोय करू." मुलाची आई म्हणाली, "त्या लोकं तं कशानं बी भागाडी लेतस." म्हणजे ते लोक कशावरही भागवून घेतात.

परतताना आमचे हे कुरकुरले, "घोट घीसन तू बठ्ठा घोय करी ठेवा." म्हणजे सगळा घोळ मीच केला.

"मग माझंच लग्न लावून द्या तिथं," मी म्हटलं. त्यांनी बैलांचे कासरे ओढले.

घरी जसोदा दारातच. मुलगा तिच्या मनात बसलेला, मला ठाऊक होतं. "वहिनी, पाणी गोड शे का?"

"शे."

तिचा चेहरा उजळला. मग मी त्या बाईचा घडा सांगितला, मुलाच्या आईचं बोलणंही. जसोदा आत जाऊन चुलीपाशी बसली.

"मी तठे गऊ, तं मन्हा हंडा भरताना ती बाई रोज माले दिसी," ती म्हणाली. "नको."

त्यांचे निरोप पावसाळ्यापर्यंत येत राहिले: तुमची सून पाणी प्यालीय. आम्ही उत्तर दिलं नाही.