तळ्याकाठचा मेपल

रॉयस टॅट्रो आमच्या गावच्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. वर्षभर हात ग्रीसमध्ये, पण ऑक्टोबर लागला की आठवड्याची रजा टाकून कॅमेरा गाडीत घालायचा आणि उत्तरेला निघायचा. व्हरमाँटची जंगलं पानगळीआधी लालभडक होतात ते दिवस. शेजारीण म्हणून कधीकधी मीही जायचे. "कॉफी सांभाळ आणि गप्प बस," एवढीच त्याची अट.

एक मुक्काम ठरलेला असे, ओरिन कॉर्लिसच्या गोठ्यामागचं तळं. ओरिन म्हातारा, एकटा. सोबतीला मॅज नावाची कुत्री. काठावर त्याच्या आज्यानं लावलेला प्रचंड मेपल. एका पहाटे रॉयसला तिथं धुक्यातला असा फोटो मिळाला, की त्याला राहवेना. त्यानं तो इंटरनेटवर टाकला आणि भाबडेपणानं खाली रस्त्याचं नावही लिहिलं.

पुढच्या ऑक्टोबरात आम्ही पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. कुंपण मोडलेलं, गवताचा चिखल झालेला. मेपल आडवा पडला होता, पानं अजून फांद्यांवर लालच. ओरिन ओंडके पाडत होता.

"काका, हे काय केलंत?" रॉयसनं विचारलं.

त्यानं यांत्रिक करवत बंद केली. "दिसतंय की. आता कशाला येतील कोण?"

"कोण येतील?"

"तुझा फोटो बघणारे! रोज गाड्यांची रीघ. माझ्या अंगणात नवरानवरी उभे करून फोटो काढतात. परवा एकानं गाडी मागं घेतली, मॅज चाकाखाली गेली."

"अहो, पण आज्याचं झाड..."

"आजा काही बोलला नाही. बोलायला मीच उरलोय." मग जरा हळू म्हणाला, "तू यायचास तेव्हा बरं वाटायचं रे. पण वाट तुला एकट्याला दाखवली होती ना मी?"

रॉयस कोट काढून ओंडके गोठ्याच्या भिंतीशी रचायला लागला. मीही लागले. अंधारेपर्यंत काम चाललं. निघताना ओरिननं रॉयसचा हात हातात घेतला, पण 'पुन्हा ये' म्हणाला नाही.

घरी येताच रॉयसनं तो फोटो इंटरनेटवरून काढून टाकला. तोवर तो कुठच्या कुठे पोचला होता. आमच्या वाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवरसुद्धा तोच.

ओरिन त्याच हिवाळ्यात गेला. मातीला मोजकीच माणसं होती. परतताना दोन्ही बाजूंना जंगल उघडंबोडकं, राखाडी. रॉयसनं गाडी कुठंच थांबवली नाही. ऑक्टोबरची रजा त्यानं नंतर कधी मागितली नाही.