बेगमची तीन पिल्लं

नूरीआपाने अडतीस वर्षं कांड्या भरल्या. लूमच्या धोट्यात बसते ती सुताने भरलेली कांडी. आपाची कांडी कधी सैल निघाली नाही, हे तिच्यावर खेकसणारे शेठही कबूल करत. आता ती घरीच असते, आणि त्या दोन खोल्यांवर राज्य चालतं ते बेगम नावाच्या पांढऱ्या सशिणीचं.

त्या रविवारी पहाटे बेगम अडली. दोन पिल्लं मेलेलीच आली आणि तिसरं अडकून बसलं. आपाने तिला ओढणीत गुंडाळलं, रिक्षा पकडली आणि जनावरांच्या डॉक्टर अदितीला झोपेतून उठवलं. इंजेक्शन झालं, हलक्या हाताने ओढून झालं, आणि काय सांगावं, नऊच्या सुमाराला टेबलावर तीन जिवंत पिल्लं, अडकलेलं ते आणि त्याच्यामागची दोन! बोटाएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली.

"खाला, खरं काम आता आहे," अदिती म्हणाली. "बेगम दमलीय. पोटाचे केस उपटून तिने घरटं केलेलं नाही, तेव्हा ऊब तुम्ही द्यायची. आणि संध्याकाळपर्यंत आईचं दूध पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर एकही वाचणार नाही."

भिवंडीत मऊ म्हटलं की सूत. उशीत सूत, पाळण्यात सूत. घरी येताच आपाने कारखान्यातल्या टाकाऊ सुताची पिशवी खोक्यात रिकामी केली आणि पिल्लं त्यात निजवली.

एवढ्यात शेजारचे भाऊ वाटी घेऊन हजर! कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना सगळ्याच विषयांतलं कळत असे.

"आपा, गाईचं दूध. चमच्याने पाजू."

"ठसका लागून मरतील ना ती! त्या दुधाचा चहा करा, भाऊ. साखर जास्त घाला."

भाऊ गॅसवर चहा ठेवून आले, खोक्यात वाकले आणि त्यांचा आवाजच बदलला. "आपा, या बारक्याचा पाय निळा पडलाय!"

वळवळताना सुताचा धागा पायाभोवती करकचून आवळला होता. भाऊ कात्री आणायला धावले.

"ठेवा ती कात्री! पाय कुठला, धागा कुठला, दिसतंय तुम्हाला?"

आपाने पिल्लू तळव्यावर घेतलं आणि चक्क डोळे मिटले. नख फिरत राहिलं. टोक सापडलं! एक वेढा सुटला, दुसरा, तिसरा. पाय हळूहळू गुलाबी झाला.

"या अल्ला, माझ्याच हाताने फास लावला होता मी!" तिने सगळं सूत बाहेर भिरकावलं. मग बेगमच्या पोटावरून हात फिरवला, तर काय, केसांचे पुंजकेच्या पुंजके सुटून आले. घरटं आईच्या अंगावरच तयार होतं! खोकं पांढरंशुभ्र झालं.

चार वाजले, तरी बेगम पिल्लांकडे बघेना.

"भाऊ, धरा हिला. डोळ्यांवर हात ठेवा, म्हणजे गप्प बसेल."

"ही चावते का हो?"

"कारकुनांना नाही चावत!"

आपाने एकेक पिल्लू पोटाशी लावलं. दोघांनी तोंड लावलं. बारकं मात्र मान टाकून पडलं. आपाने दुधाचा एक थेंब पिळून त्याच्या ओठावर लावला. काहीच नाही. आणखी एक थेंब लावला. जबडा हलला, पुन्हा हलला, आणि गडी असा चिकटला की सुटेना!

तीन-चार मिनिटं झाली असतील, बेगमने उडी मारली आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

"झालं? एवढंच?" भाऊ कळवळले. "उपाशी राहतील हो!"

आपाने घाबरून अदितीला फोन लावला. ती हसली. "सशीण दिवसातून एकदा-दोनदाच पाजते, खाला. तीही एवढीच. पोटं बघा त्यांची."

आपाने बारक्याला उचलून खिडकीपाशी धरलं. पोट टम्म फुगलेलं, आणि पातळ कातडीखाली दुधाचा पांढरा पट्टा स्वच्छ दिसत होता.

"भाऊ, प्यायला! अहो, पोटभर प्यायला हा!"

आपाच्या आरोळीने शेजारची दारं धडाधड उघडली.