ठिबकती तोटी

सोमवारी सकाळी लातुरात आमच्या गल्लीला आठ दिवसांनी नळ आला आणि नेमका तेव्हाच दत्ताचा कॅनडाहून फोन आला. एका हातात नळी, एका हातात मोबाईल... तो मोबाईल हौदात पडला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतंय.

मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते, धाकटी सून सविता फेसबुकवर टाइप करते. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकीच्या माझ्या. आजची माझी चूक जरा मोठी आहे.

दत्ता माझा थोरला. तिकडे थंडी अशी की पाणी नळातच गोठतं, बर्फ होऊन फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून हिवाळा आला की त्यांची धावपळ सुरू. तळघरातल्या पाइपांना स्पंज गुंडाळायचा, अंगणातला नळ आतून बंद करून रिकामा करायचा. ओट्याखालच्या कपाटाची दारं उघडी टाकायची, म्हणजे घरातली ऊब आतल्या पाइपापर्यंत जाते. माणसं गावाला गेली तरी हीटर चालूच... कुणासाठी, तर पाइपांसाठी!

ते गुंडाळलेले पाइप त्यानं व्हिडिओवर दाखवले तेव्हा मी म्हटलं, "पाइपाला वाकळ पांघरलीस बाबा, मायला कधी पांघरली होतीस का?" लई हसला होता.

आणखी एक उपाय असतो, तो मात्र त्यानं मला कधी सांगितला नव्हता. फारच कडाका पडला की स्वयंपाकघरातली तोटी थोडीशी सोडून ठेवायची. ठिबक ठिबक. वाहतं पाणी सहजी गोठत नाही म्हणे.

नाही सांगितलं ते बरोबरच. लातूरच्या बाईला कोण सांगेल की आम्ही तोटी मुद्दाम उघडी ठेवतो? रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलोय आम्ही. भाजी धुतलेलं पाणी झाडाला, कपड्यांचं पाणी फरशीला... कुठं ठिबकल्याचा आवाज आला तरी माझा घास तोंडात फिरतो.

दत्ताची लेक मैथू, सहा वर्षांची. मी तिला मांडीवर घेतलं ते एकदाच, तीन महिन्यांची होती तेव्हा. बाकी सगळं फोनवर. "जेवलीस का?" म्हटलं की "येस". झालं, संपलं आजी-नातीचं बोलणं.

एक गोष्ट मात्र जमली होती. ती दात घासताना फोन बेसिनपाशी ठेवायची आणि नळ धो धो सोडायची. मी इकडून ओरडायचे, "बंद कर गं बाई, तुझ्या आज्जीला आठ दिवसांनी पाणी येतं!" ती खिदळत बंद करायची. पुढे पुढे तर स्वतःच बंद करून मला दाखवायला लागली... मी गल्लीभर सांगत फिरले, कॅनडात एक लातूरकर तयार केली म्हणून.

औंदा पाडव्याला ते तिघं येणार होते. मी तिच्यासाठी परकर-पोलकं शिवून घेतलं होतं, माप अंदाजानं. शिंप्याला फोनमधली पोरगी दाखवली तर तो म्हणाला, "आज्जे, ह्यात उंची कशी मोजू?"

तर सोमवारचा फोन. दत्ता म्हणाला, "माय, पाइप फुटला." दोन दिवस मित्राकडे राहायला गेले होते, तोटी ठिबकत ठेवून. परत येऊन बघतात तर स्वयंपाकघरात पाणीच पाणी, लाकडी जमीन फुगून वर आलेली, खाली तळघर गळतंय... आणि तोटी घट्ट बंद.

"मैथूचं काम हाय. लई रागावलो तिला." मग जरा थांबून म्हणाला, "माय, औंदा येणं न्हाई जमायचं. सुट्ट्या बी ह्यातच जातील. पुढच्या वर्षी बघू."

"बघू बाबा," मी म्हणाले. पुढचं वर्ष तरण्या माणसांचं असतं. माझी छाती आणि माझे गुडघे, दोघांचं ठरलंय वेगळंच...

तो पोछा पिळायला गेला आणि फोन मैथूच्या हातात आला. डोळे रडून सुजलेले. तिनं फोन तोंडाला लावला आणि कुजबुजली, "आज्जी, मी ग्लोव्ह घ्यायला परत घरात गेले ना, तेव्हा नळ क्लोज केला. तुझं पाणी सेव्ह केलं. पण मी तुझं नाव नाही सांगितलं."

एवढं लांब मराठी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. मागे आमचा हौद भरून पाणी गटारीला चाललं होतं. शेजारीण हाका मारून राहिली होती, "काकू, नळी काढा की!" जन्मात पहिल्यांदा मला वाया जाणारं पाणी दिसलं नाही.

चार दिवस झाले त्याला. शिवलेलं परकर-पोलकं पेटीत तळाला घातलं. पुढच्या वर्षी ते तिला होणार नाही, आणि मी असेन की नसेन कुणास ठाऊक...

दत्ताला एकट्याला सांगितलं तर तो "जाऊ दे माय" म्हणून फोन ठेवील. म्हणून सगळ्यांदेखत सांगते. दत्ता, पोरीला जवळ घे. तोटी तिनं फिरवली, पण हात माझा होता.

इतक्या लांब माझी एकच गोष्ट पोचली होती. ती मनापासून ऐकणारी एकच पोरगी होती आणि तिनं माझ्यासाठी मारसुद्धा खाल्ला असता. आता तीच एक गोष्ट मला तिच्याकडून परत मागून घ्यायची आहे.

मैथू, बाई माझी... आज्जी सांगते, तोटी ठिबकू दे.