घरी कोणती भाषा बोलता?

बुधरी सिडाम स्वतःच्याच घरात आठ वर्षं मुकी राहिली. नवस नव्हता, आजार नव्हता, कोणी जीभ कापली नव्हती. नागपूरच्या एका टेबलावर तिच्या जावयाने एका साध्या प्रश्नाचं खोटं उत्तर दिलं आणि मी बाजूच्या खुर्चीवर बसून ते ऐकून घेतलं. तेवढ्याने झालं.

मी रंभा. मोहर्लीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात मी सरकारी दवाखान्याची आशाताई आहे. गावातली निम्मी घरं आमच्यासारखी मराठी बोलणारी, निम्मी गोंडांची. बुधरीबाईचं घर माझ्या घरापासून चौथं. तिचा नवरा पत्रू ऐन तारुण्यात गेला. पदरात एकच मुलगी, प्रिया. म्हणून तिने सुनिलला लमझना आणलं, म्हणजे घरजावई. लमझना सासूसमोर मान वर करत नाही म्हणतात. हा मोहर्लीच्या रिसॉर्टवर कामाला लागला, इस्त्रीचा शर्ट घालायला लागला, आणि दोन वर्षांत घरात त्याचाच शब्द चालायला लागला.

त्यांची पोरगी चंचल. दोन वर्षांची झाली तरी ती हाकेला वळत नव्हती. तिच्या मागे उभी राहून थाळी मीच वाजवून पाहिली. ती मातीत रेघा ओढत बसली होती, तशीच बसून राहिली. मग शिबिर, तपासण्या, नागपूरचं मोठं हॉस्पिटल. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन झालं. एक तुकडा कवटीच्या आत आणि कानाची मशीन बाहेर. कानामागे अडकवायचा भाग, डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती आणि दोघांच्या मधे वायर. सगळं सरकारच्या खर्चाने. गावात मी मिरवले, खोटं कशाला बोलू. माझ्यामुळे एका पोरीला कान मिळाले होते.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे कोंबडी फुकट होती, मसाला मात्र जन्मभराचा होता. ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तरी आनंदात कोणाच्या कानात शिरलं नाही.

मशीन चालू झाल्यावर बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्या फॉर्म भरत होत्या.

"घरी कोणती भाषा बोलता?"

सुनिलने माझ्याकडे पाहिलं. मागे रांगेत शहरातले आईबाप उभे होते. "मराठी," तो म्हणाला.

प्रियाने मान खाली घातली. त्या घरात चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं गोंडीत चालायचं हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. कारण सांगते. तीनची बस होती, ती चुकली असती तर मुक्काम पडला असता. आणि मनात असंही आलं की बरंच झालं, मराठी शिकली तर शाळेत निभेल, गोंडीचं काय एवढं.

"मग मराठीच बोला," बाई म्हणाल्या. "घरातल्या प्रत्येकाने. तिच्या कानावर सध्या एकच भाषा पडू द्या, तुमची घरची. खिचडी करू नका."

त्या दिवशी संध्याकाळी सुनिलने अंगणातच हुकूम सोडला. "माय, पोरीसमोर आता गोंडी बोलायची नाई."

"मंग का बोलू?"

"मराठी."

बुधरीबाईची मराठी बाजारातली. मोहाचा भाव, मिरचीचा भाव, परत किती दिले, इतकी. तरी ती तयार झाली. दुसऱ्या दिवशी चंचलला म्हणाली, "ये वो पोरी, जावा पिऊन घे." जावा म्हणजे आंबील. सुनिल खेकसला, "जावा गोंडी झालं ना! राहू द्या माय, तुम्ही बोलूच नका. चुकीचा शब्द गेला का तसाच मेंदूत बसते म्हनलं डागदरनं."

असं कोणी म्हटलं नव्हतं. ती त्याची स्वतःची भर होती.

"किती दिवस नाई बोलू?" बुधरीबाईने विचारलं.

"दोन-तीन वर्षं. पोरगी पक्की झाली का मंग बोला तुमचं."

"मंग काको म्हनन ना मले?" गोंडीत आईच्या आईला काको म्हणतात. तिला दुसरं काही नको होतं.

"म्हनन ना. काऊन नाई म्हनन?"

"मंग ठीक हाय. पोरीचे कान हायेत. माह्यं का जाते?"

त्या दिवसापासून ती चंचलसमोर तोंड उघडेना. भूक लागली का ते पोटावर हात ठेवून विचारायची, पाणी हवं का ते ओंजळ दाखवून. चंचल झोपली, मशीन उतरली, की मग प्रियाशी दबक्या आवाजात चार शब्द. आधी हसायला यायचं. मग सवय झाली, तिला आणि आम्हालाही.

हमी संपली तीन वर्षांनी, आणि तिथून त्या मशीनने आपला जबडा उघडला. बटणासारखे सेल लागायचे, ते आमच्या इकडे मिळत नाहीत. दर काही महिन्यांनी आवाज जुळवून घ्यायला नागपूर, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली आणि वर बसचं तिकीट. सगळ्यात वाईट ती वायर. वीतभर लांबीची, दोऱ्याएवढी जाड. पोरगी खेळली, पडली, झोपेत कूस बदलली की आतून तुटायची. बुधरीबाई तिची किंमत रुपयांत मोजायचीच नाही. एक वायर म्हणजे एक मोहाचा हंगाम. होळीपासून महिनाभर पहाटे उठून फुलं वेचायची, वाळवायची, विकायची, आणि आलेला पैसा वीतभर वायरीत घालायचा.

वनखात्याचे लोक दवंडी देऊन सांगायचे, उजाडल्याशिवाय जंगलात जाऊ नका. एका हंगामात शेजारच्या गावातल्या दोन बाया वाघाने नेल्या. मी बुधरीबाईला अडवलं. ती म्हणाली, "बाई, उजेड झाल्यावर फुलं गाई खातेत. माह्यासाठी कोन ठेवते?" आणि गेली. वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला चितळासारखी दिसते म्हणतात. वायर तुटली आहे हे वाघाला कोण सांगणार होतं?

वायर नाही तेव्हा मशीन बंद. कधी दोन महिने, कधी चार. तेवढ्यात चंचलची बोली घसरायची, शब्दांची शेपटं गळून पडायची. आणि प्रत्येक वेळी सुनिल म्हणायचा, "पाहा माय, मागं गेली. आनखी एक वर्ष कळ काढा." म्हणजे बुधरीबाईने पैसा जमवायचा, पैसा जमेपर्यंत पोरगी मागे जायची, आणि पोरगी मागे गेली म्हणून शिक्षाही बुधरीबाईचीच वाढायची. या हिशेबातला अन्याय कोणाला दिसला नाही. मला दिसला होता. मी दर महिन्याला त्या घरी जात होते.

पावसाळ्यात मशीनला ओल लागते. ती सुकी ठेवायच्या पुड्या संपल्या, तर बुधरीबाईने घरातली सर्वात कोरडी वस्तू शोधली. वाळलेल्या मोहफुलांचा डबा. रात्री मशीन फडक्यात गुंडाळून त्यात ठेवायची. नागपूरला मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाने ती हुंगली आणि विचारलं, "यावर दारू सांडली का?" सगळे हसले. सुनिलही हसला. बुधरीबाई तिथे नव्हती हे बरं झालं.

चंचल सात वर्षांची असताना मी वजन घ्यायला गेले होते. तिची मराठी शिकवणीतली, आमच्या गावात कोणी बोलत नाही तशी. "मला" म्हणायची, "मले" नाही. पोरं तिला पुणेवाली म्हणून चिडवायची. तिने माझा पदर ओढला.

"रंभाताई, आजीला पण मशीन लावा ना."

"काऊन वो?"

"आजीला ऐकू येत नाही. म्हणून ती बोलत नाही. माझ्यासारखी."

बुधरीबाई दोन हातांवर सूप घेऊन उभी होती. तिला मराठी सगळी कळते. ती धान पाखडत राहिली. मी घरी आले आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गेलं. माणसाचं असंच असतं.

मागच्या वर्षी, चंचल अकराची असताना, मशीन अधूनमधून बंद पडायला लागली. वायर नवी घातली, सेल नवे घातले, तरी तेच. नागपूरला जायचं ठरलं. या वेळी बुधरीबाईही निघाली, कारण दोन हंगामांचा पैसा तिच्या कमरेच्या पिशवीत होता आणि तो तिने कोणाच्या हाती दिला नाही. मलाही ओढून नेलं.

मशीन दुरुस्तीवाल्याने शेजारच्या खोलीत नेली. चंचल उघड्या डोक्याने बाकावर बसली. बोलणं शिकवणाऱ्या जुन्या बाई गेल्या होत्या, नव्या आल्या होत्या. तरुण, जुना कागद समोर. त्यांनी बुधरीबाईला विचारलं, "आजी, घरी कशी बोलते ही?"

बुधरीबाईने पोरीकडे पाहिलं आणि मान हलवली. आठ वर्षांची सवय. मशीन पोरीच्या डोक्यावर नाही हेही तिच्या लक्षात राहिलं नाही.

"आजींना ऐकू येत नाही का?" बाईंनी सुनिलला विचारलं. सुनिल जमिनीकडे पाहत होता.

मग माझ्याने राहवलं नाही. "ऐकू येते, बोलताही येते," मी म्हटलं. "गोंडी बोलतात त्या. हे घर गोंडी बोलते. त्या कागदावर खोटं लिहिलं हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग गोंडीच बोलायचं होतं. मशीनला कुठे भाषा कळते? घरात जी भाषा मनापासून चालते, त्याच भाषेत पोर लवकर शिकतं. आजीसारखं बोलणारं तर घरात दुसरं कोणी नसतं. मराठी तर शाळेत आलीच असती." मग बुधरीबाईकडे वळून म्हणाल्या, "आजी, आजपासून बोला. खूप बोला."

मी आयुष्यात कोणाचा चेहरा असा फुललेला पाहिला नाही. आणि सुनिल? तो भिंतीला टेकून पुटपुटला, "गोंडी म्हनलं असतं तर जंगलातले म्हनले असते, रंभाबाई. पोरीले मागं टाकलं असतं त्याहीनं." मला त्याची कीव आली. त्याच वेळी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि माझ्याही.

बुधरीबाई चंचलजवळ जाऊन बसली. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पहिला शब्द काय बोलायचा ते जुळवत होती. मशीन आत गेली होती, ती बाहेर यायची वाट बघत होती. अर्धा तास.

दुरुस्तीवाला आला तो मशीन प्लास्टिकच्या पिशवीत घालून. "ही आता होणार नाही. हे मॉडेल कंपनीने बंद केलं. सुटे भाग येत नाहीत. नवीन घ्यावी लागेल." किंमत सांगितली, पाच लाखांच्या घरातली. सरकार दुसरी देतं का, असं मी विचारलं. अर्ज करून ठेवा, म्हणाला, कधी मिळेल ते सांगता येत नाही.

बुधरीबाईने उठून, पोरीकडे पाठ करून त्याला विचारलं, "किती हंगाम?"

 मी मनात भागाकार करायला गेले आणि सोडून दिला. तिच्या वयाच्या बाईकडे तेवढे हंगाम नव्हते.

परतीच्या बसमध्ये बुधरीबाई खिडकीला, शेजारी चंचल, पलीकडे प्रिया. मी मागे, सुनिल पुढे. वरोऱ्याला बस थांबली. शेंगदाणेवाले चढले, उतरले. बस सुटली आणि बुधरीबाईने पोरीचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं आणि बोलायला लागली. गोंडीत. मोठ्याने. मला थोडंफार कळतं. येर म्हणजे पाणी, इरुक म्हणजे मोहफूल. पत्रूचं नाव येत होतं, तिच्या आईचं येत होतं, कोणत्या झाडाची फुलं आपली, चंचल जन्मली त्या दिवशी काय झालं, सगळं एकाला एक लागून. बसमधले लोक माना वळवून बघायला लागले.

सुनिलने मागे पाहिलं. वाटलं, आता गप्प करेल. तो म्हणाला, "बोला माय. आता कायचं भेव हाय?"

चंचल आजीच्या तोंडाकडे डोळे फाडून बघत होती. मग ओरडलीच, स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे सगळ्या बसला ऐकू जाईल इतक्या जोरात. "आई! आजीला बोलता येतं!"

तिने प्रियाच्या मांडीवरची प्लास्टिकची पिशवी ओढली, मशीन काढून कानामागे अडकवली, चकती डोक्याला लावली. चुंबक होताच, ती चिकटली. एकदा बोटाने टकटक केली.

"परत बोल," ती म्हणाली.

बुधरीबाईने आपल्या छातीवर हात ठेवला. पोरीला दिसावं म्हणून ओठ सावकाश हलवत ती म्हणाली, "काको."

चंचलने ओठ नीट पाहिले. तिला येत होते त्यातला एकच शब्द तसा होता.

"काका?" ती म्हणाली, आणि सीटवरून उठून कोणते काका आलेत ते बसमध्ये शोधायला लागली.